फॉर्मवरचा 'नो'

फिंतास, बुधवार, १५ सप्टेंबर १९९९

काल लिहिलं की शाळेचा फॉर्म मंदारने भरला. खोटं. नवरा फक्त सांगत होता. 'मुलाला वाचता येतं का?' यापुढचा 'नो' माझ्या हातचा आहे.

काय ती नवी शाळा! लाकडी बाहुल्या, मेणाचे रंग आणि सातव्या वर्षापर्यंत अक्षर दाखवायचं नाही. मुख्याध्यापिका डोळे मिटून म्हणतात, अक्षरांनी बालपण कोमेजतं. मला आत्याने चौथ्या वर्षी घरीच वाचायला शिकवलं. माझं काय कोमेजलं? बाईंच्या माहितीपत्रकातल्या दोन चुका मात्र दिसल्या.

"अगं, दुसरीकडे जागा नाहीत. एक शब्द तर लिहायचाय," मंदार म्हणाला. मी लिहिला. शेजारी उभी साडेपाच वर्षांची मुक्ता लगेच म्हणाली, "आई, यू रोट नो! बट आय कॅन रीड!"

बाई गोड हसल्या. "विसरेल हळूहळू."

विसरेल? आणि मीही हसले. बाई निदान स्वतःच्या मूर्खपणाशी प्रामाणिक आहेत. मी?

आज कोपऱ्यावरच्या बकाल्यात, किराणा दुकानात, बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव वाचता वाचता मुक्ता थांबली. "आई, वाचू की नको?"

मंदारला विचारणार नाही. उद्या-परवा गुरुवार-शुक्रवार, इथली आखातातली आठवड्याची सुट्टी. तो फॉर्म परत आणायला मी जाणार शनिवारी, १८ तारखेला.