कोन्सुएलो दवाखान्यात जायची

प्रिय मांका ताई,

तुझे निरोप येऊन पडलेत आणि मी गप्प, म्हणून तू रागावली असशील. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. मशीनवर एका बाईचा झगा अर्धाच शिवून पडलाय. बाही उलटी जोडली गेली, ती उसवायची आहे. बाहेर कुणाची गाडी थांबली की आधी दाराकडे बघते. तू विचारलेलं सगळं सांगते, पण आधी कोन्सुएलोचं सांगू दे, नाहीतर तुला काही कळणार नाही.

माझ्या फोनमध्ये मागून जिचं हसणं तुला ऐकू येतं ती ही कोन्सुएलो, कोपऱ्यावर मासे भाजून विकणारी. तिचा नवरा फेलिसियानो पावसाळा संपता संपता गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. इथल्या दवाखान्यात जेवण घरून न्यायचं, अंग आपणच पुसायचं. ती सकाळ-संध्याकाळ जायची आणि बहुतेक वेळा मी बरोबर असायचे, पातेलं धरून. तो गेल्यावर त्याच्या बापाकडची माणसं बाटाहून बोटीने आली. अंगणात मांडव घातला. कोन्सुएलोचं डोकं भादरून तिला चटईवर बसवलं, आणि धाकटा दीर तार्सिसियो सगळ्यांसमोर म्हणाला, "हिने माझ्या भावाला एकट्याला मरू दिलं. घर आमचं, दोन्ही मुली आमच्या. गावी घेऊन जातो." कोन्सुएलो मान खाली घालून बसलेली. मला राहवेना. मी उठले.

ताई, इतकी वर्षं या परक्या देशात, मालाबोत राहून माझं स्पॅनिश काय आहे ते तुला सांगायला नको. बाजारात आपल्या पिजिन इंग्रजीसारख्याच इथल्या पिचि बोलीवर भागतं. स्पॅनिश येतं ते सगळं आजचं, आत्ताचं. मी म्हणाले, "कोन्सुएलो दवाखान्यात जाते. त्याला भरवते. मी बरोबर जाते." तार्सिसियो टाळी वाजवून म्हणाला, "अजून जाते? मग वहिनी, भावाला माझा नमस्कार सांगा!" सुतकाच्या घरात लोक हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी त्यांचे थोरले काका, एलेउतेरिओ, हात वर करून म्हणाले, "बाई, तुझं ऐकायचंय मला. पण घडून गेलेलं घडून गेलं असंच सांगता आलं पाहिजे. महिना भरल्यावरच्या प्रार्थनेनंतर पुन्हा बसू. शिकून ये."

समोरच्या घरात रेस्तितुतो मास्तर राहतात, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गेले. "भूतकाळ शिकायचाय? कुणाचा?" असं त्यांनी विचारलं आणि मग चष्मा लावून सगळं ऐकून घेतलं. आधार देणं, सोबत करणं, काळजी घेणं, उशाशी बसणं, एकेक शब्द माझ्याकडून घोटून घेतला. मग म्हणाले, "आता नीट ऐक, लुम. 'फुए' म्हणजे गेली. 'इबा' म्हणजे जायची. तू 'फुए' म्हणालीस की तार्सिसियो म्हणेल, बघा, गेली असेल एकदा! तुला 'इबा' हवंय." मी मशीन चालवता चालवता पुटपुटायचे. जायची, भरवायची, पुसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय गं, कुणाशी भांडतेस?" चुकलं की मास्तर काठी आपटायचे. पण एका दुपारी ते म्हणाले, "हे झालं रोजचं. आता तो शेवटचा दिवस. तेव्हा ती कुठे होती? ते एकदाच घडलं, तिथे 'इबा' चालणार नाही." काम आठवलं असं सांगून मी उठून आले.

तुला हे कधी कळवलं नाही. त्या दिवशी मी तापाने फणफणले होते. कुणाला हाक मारावी तर आवाज निघत नव्हता. फेलिसियानोचा डोळा लागलेला पाहून कोन्सुएलो माझ्याकडे डोकावायला आली आणि माझी ती अवस्था बघून थांबली. कपडे बदलले, चमच्याने पाणी पाजलं, ताप उतरेपर्यंत कपाळावर ओलं फडकं ठेवत बसली. दवाखान्यात परतली तेव्हा खाट रिकामी होती. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, कारण माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत कधीच संपलीय आणि तार्सिसियोची पोलिसांत ओळख आहे. बैठकीच्या आधी मी तिला म्हटलं, मी सांगणार. ती खेकसली, "गप्प बसायचं! मुली जायच्या तर माझ्या जातील. तुला कशाला हाकलून देऊ द्यायचं? एकीचंच वाटोळं पुरे."

मी सांगितलं, ताई. रोजचं सगळं आधी सांगितलं, एकही चूक न करता. मग तार्सिसियोने तोच प्रश्न टाकला. कोन्सुएलो चटईवरून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मी म्हणाले, "ती माझ्याकडे आली. मी आजारी होते. तिने मला पाणी पाजलं. ती थांबली म्हणून मी जगले." कुणी हसलं नाही. काका त्यांच्या फांग भाषेत आपल्या माणसांशी कुजबुजले आणि मला कळावं म्हणून स्पॅनिशमध्ये सांगितलं, "मुली आईजवळ राहतील. घर मात्र आमचं." तार्सिसियो उठून माझ्याजवळ आला आणि हसून म्हणाला, "छान बोलायला शिकलीस. आता पोलिसांनाही असंच सांग."

आठवडा गेला नाही तोच पोलीस आले. आता दर सोमवारी मला कचेरीत बसवून ठेवतात, कधी दुपारी सोडतात, कधी दिवस मावळताना. उद्या सोमवारच. कोन्सुएलो, दोन्ही मुली आणि भाजायची जाळी माझ्या एका खोलीत आलीय. कचेरीच्या बाकावर ती माझ्या शेजारी येऊन बसते, मासे विकायचे सोडून, मी कितीही ओरडले तरी. तू आपल्या बामेंडात दोघींसाठी शिवणकामाचा गाळा घेतलास, पुढच्या बोटीने निघ म्हणालीस, याच्याइतकं मायेचं मला कुणी काही बोललेलं नाही. म्हणूनच फोनवर सांगता येईना. मी येत नाही, ताई. त्यांनी घालवून दिलं तर येईन, आणि तेव्हा तू दार उघडशील हे मला माहीत आहे. पण आपल्या पायांनी निघणार नाही. माझी वाट पाहत मशीन झाकून ठेवू नकोस. दुसरी एखादी चांगली शिवणारी बघ.

येत नसले, तरी तुझीच,
लुम