झिजवून दिलेले पट्टे आणि हॉलची व्यवस्था

मी, बेरिल मे चिल्कॉट, वय ७७ वर्षे, कै. नेव्हिल चिल्कॉट यांची पत्नी, धंदा शिवणकाम, राहणार बर्नी, टास्मानिया, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि तो मला तपासून मग दिला आहे. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे ज्या दाखल्यांचा उल्लेख येईल त्यांच्याबाबत असं म्हणता येणार नाही.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. २००९ सालचं विशेषकरून. त्यात मी डोळे मिटून सगळं मुलाला दिलं होतं.

कलम १. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी वकील इलेन प्रॉक्टर यांना नेमते. कच्चा मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "मिसेस चिल्कॉट, मृत्युपत्रात टोमणे नसतात." मी म्हटलं, "बाई, जिवंतपणी सगळे मारून झाले, कोणाला लागले नाहीत." त्यावर त्यांनी कायद्याला बाध आणणारे दोन तेवढे काढले. बाकीचे जसेच्या तसे आहेत.

कलम २. टेकडीवरचं राहतं घर, आतल्या सामानासह, माझा एकुलता एक मुलगा डेमियन याला मिळावं. घराला कोणतीही अट नाही. मागच्या बाजूची पन्हळ गळते, हे त्याला अकरा वर्षं माहीत आहे.

कलम ३. भरतकामाचं मोठं मशीन विकू नये. ते लॉन्सेस्टनच्या त्या बाईंना द्यावं ज्या शर्यतीत जिंकलेल्या घोड्यांच्या झुली शिवतात. त्यांच्या धंद्यात आधी शर्यत होते, मग घोड्याचं नाव शिवलं जातं. माझ्या धंद्यात नेमकं उलटं होतं. चाळीस वर्षं मी या बेटावरच्या आणि समुद्रापलीकडच्या कराटे क्लबांचे काळे पट्टे शिवले. काळ्या पट्ट्यापुढच्या प्रत्येक पायरीला डॅन म्हणतात, आणि प्रत्येक डॅनला पट्ट्याच्या टोकाशी एक सोनेरी रेघ येते. परीक्षेचा निकाल मला परीक्षेच्या तीन आठवडे आधी कळायचा, कारण पट्ट्याची ऑर्डर तेव्हा यायची. एवढ्या वर्षांत एकही ऑर्डर 'नापास झाले, रेघ नको' म्हणून परत आली नाही. अपवाद एकच, तो माझ्या घरातला.

नेव्हिलचा तिसरा डॅन होता. चौथ्यासाठी तो दोनदा होबार्टला गेला, दोनदा नापास झाला, आणि दोन्ही वेळा घरी येऊन जेवताना, बटाटे वाढून घेता घेता, तसं सांगितलं. दुसऱ्या वेळी मी आधीच शिवून ठेवलेली रेघ त्याच्यासमोर उसवली. तो म्हणाला, "दोरा जपून ठेव, पुढच्या वेळी लागेल." पुढची वेळ आली नाही. तो २०१४ साली तीन रेघांवर गेला.

कलम ४. हे कलम माझ्या स्वतःबद्दल आहे आणि ते वगळू नये.

आमच्या लोकांत नव्या पट्ट्याला मान नसतो. वर्षानुवर्षं गाठ मारून मारून पट्ट्याचं वरचं काळं कापड विरतं आणि आतलं पांढरं दिसायला लागतं. तो पांढरेपणा पाहून माणसाची साधना ओळखावी, अशी रीत आहे. रीत चांगली आहे. पण ज्यांनी वर्षं घालवली नाहीत त्यांची मोठी अडचण होते, आणि ती अडचण मी दूर करत असे. गाठीच्या जागी बारीक सँडपेपर, कडांना दगडी घासणी, मग विटेचा तुकडा जुन्या मोज्यात बांधून पट्ट्याबरोबर वॉशिंग मशीनमध्ये. गरम पाणी, दोन तास. पंचवीस वर्षांची तपश्चर्या मी दुपारच्या चहाआधी उरकून देत असे. गिऱ्हाइकं खूश होती. एकाने तर आभाराच्या पत्राखाली स्वतःला 'आपला नम्र शिष्य' म्हटलं होतं. त्या वर्षी तो आठव्या डॅनला पोहोचला होता.

असे एकूण एकसष्ट पट्टे मी झिजवले. त्यांतला एक माझ्या मुलाचा.

डेमियनला दुसरा डॅन त्याच्या बापाने दिला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तीन तास घाम काढून. तो खरा होता. मग पोरगं गोल्ड कोस्टला गेलं आणि अकरा महिन्यांनी सहावा डॅन होऊन परत आलं. सोबत प्रमाणपत्र होतं, सोनेरी शिक्का, लाल फीत. नेव्हिल आयुष्यभर इथल्या कागद गिरणीत होता. त्याने प्रमाणपत्र खिडकीशी धरलं, दोन बोटांत चुरून पाहिलं.

"कागद उत्तम आहे," तो म्हणाला. "परीक्षा कोणी घेतली?"

"परीक्षा नव्हती, बाबा. तिथल्या कराटे परिषदेतल्या मोठ्या लोकांनी माझं काम बघितलं."

"कुठे?"

"वार्षिक जेवणाला."

"म्हणजे तुला जेवताना बघितलं," नेव्हिल म्हणाला, आणि प्रमाणपत्र दुमडू न देता परत केलं. त्यानंतर बाप-लेक पाऊसपाणी आणि फुटबॉल याखेरीज कशावर फारसे बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात डेमियन नवाकोरा पट्टा घेऊन माझ्याकडे आला. "आई, जरा जुना करून दे ना," म्हणाला. मी करून दिला. इतर गिऱ्हाइकांपेक्षा मन लावून करून दिला.

कलम ५. गोल्ड कोस्टच्या त्या परिषदेचे अध्यक्ष, दहावा डॅन, ग्रँडमास्टर प्रोफेसर डॉक्टर लायल ब्रॅमवेल यांना माझा सँडपेपर, घासणी आणि विटेचा तुकडा मोज्यासह पार्सलने पाठवावा. यापुढे आपापलं घासून घ्यावं. त्यांच्या परिषदेत पाच जण आहेत. दर वर्षी जेवणात पहिला दुसऱ्याला बढती देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि पाचवा पहिल्याला. अहो रूपम् अहो ध्वनिः, वर पुडिंग. ब्रॅमवेल साहेबांच्या दहा रेघा नेहमीच्या पट्ट्यावर मावेनात, म्हणून मी लांब पट्टा खास मागवला होता. तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबतो. जिना चढताना जपावं, ही विनंती.

कलम ६. बँकेतली माझी सर्व ठेव टेगन ब्लूमफील्ड हिला, तिच्या उजव्या हाताच्या उपचारांसाठी द्यावी.

टेगन पेट्रोल पंपावरच्या दुकानात रात्रपाळी करायची. तिने डेमियनचा 'सहा आठवड्यांत सुरीपासून बचाव' हा वर्ग केला. तोपर्यंत डेमियन नववा डॅन झाला होता. सुरी धरलेलं मनगट कसं पकडायचं हे तो रबरी सुरीवर शिकवत असे, आणि समोरचा विद्यार्थी शिस्तीने पडत असे. खऱ्या सुरीसमोर तो स्वतः कधी उभा राहिलेला नाही. नेव्हिल मुलांना एवढंच सांगायचा की सुरी दिसली तर पैसे द्या आणि पळा. यासाठी सहा आठवडे लागत नाहीत. एका पहाटे मासे सोलायची सुरी घेऊन एक जण दुकानात शिरला आणि सिगारेटी मागू लागला. टेगनने शिकवलं तसंच केलं. दोन स्नायुबंध तुटले, तीन शस्त्रक्रिया झाल्या. आज तिचा अंगठा तर्जनीला टेकत नाही.

डेमियन सगळ्या वर्गासमोर म्हणाला, "तिने पाय चुकीचा टाकला."

टेगन माझ्याकडे आली ती तक्रार करायला नाही. गणवेशाच्या शर्टाची बटणं काढून वेल्क्रोची चिकटपट्टी लावून हवी होती, कारण बटण लावता येत नव्हतं. मी माप घेत असताना ती आपणहून म्हणाली, "मला खरं तर शंका आली होती. पण त्यांचा पट्टा बघितला. म्हटलं, एवढा झिजलाय म्हणजे माणसाला माहीत असणारच."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे लगेच बोलावं लागलं नाही. मग टाचण्या काढल्या आणि तिला सगळं सांगितलं. वीट, मोजा, सगळं.

ती म्हणाली, "आणि आता? पट्टा परत काळा करणार का?"

दुसऱ्या दिवशी मी धंदा बंद केला. त्याने तिची बोटं जुळली नाहीत, हे मला कळतं.

कलम ७. आता हॉल.

गिरणीने माणसं कमी केली तेव्हा मिळालेल्या रकमेतून नेव्हिलने चर्चच्या रविवार शाळेचा जुना हॉल घेतला. तो आज माझ्या नावावर आहे. तिथे दोन वर्ग चालतात. मंगळवार-गुरुवार ऱ्होंडा व्हीलन शिकवते. ती शाळेची बस चालवते, एकतीस वर्षांत चौथ्या डॅनला पोहोचली, आणि तिचा पट्टा झिजवायला माझ्याकडे कधीच आला नाही. इतर दिवस डेमियन शिकवतो. दिवसा तो एअर कंडिशनर बसवतो आणि ते काम तो फार चोख करतो. त्यासाठी त्याने खरी परीक्षा दिली आहे.

हॉल ऱ्होंडाला मिळावा. मात्र निम्मा हिस्सा डेमियनचा राहील, जर त्याने पुढील गोष्ट केली तर.

माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या ग्रेडिंगला, म्हणजे पट्ट्यांच्या परीक्षेला, सगळे विद्यार्थी आणि आईबाप जमतात आणि दर्जाप्रमाणे रांग लागते. वरचा दर्जा उजवीकडे. त्या रांगेत डेमियनने दुसऱ्या डॅनच्या जागी उभं राहावं. म्हणजे ऱ्होंडाच्या खाली, तिच्या वर्गातल्या तिसऱ्या डॅनच्या दोघांच्याही खाली, ज्यांतली एक अजून कॉलेजात आहे. बापाने दिलेला पट्टा माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. त्याला मी हात लावलेला नाही. त्याआधी व्यवस्थापकांनी कलम ४ मोठ्याने वाचावं, म्हणजे सुरुवात माझ्यापासून होईल. मग, टेगनची यायची तयारी असेल तर तिच्यासमोर, नसेल तर तिच्यामागे, त्याने एवढंच म्हणावं: "पाय बरोबर होता. मी शिकवलं ते मलाच येत नव्हतं."

हे केलं तर त्याने त्या हॉलमध्ये सुखाने शिकवावं, दोन रेघांवर, जेवढं येतं तेवढं. नाही केलं तर हॉल पूर्णपणे ऱ्होंडाचा, आणि भिंतीवरची त्याची प्रमाणपत्रं चौकटींसह घरी पोहोचवावीत.

पाठीमागून वार नको म्हणून गेल्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं आणि हे कलम वाचून दाखवलं. आधी तो हसला. मग म्हणाला की त्याचे साठ विद्यार्थी आहेत, ते काय म्हणतील. मी म्हटलं, साठातल्या एकोणसाठांचे हात धड आहेत, ते नशीब म्हणतील.

"तू पण घासलास ना तो पट्टा," तो म्हणाला.

"हो. म्हणून माझं आधी वाचायचं आहे."

"तू मेलेली असशील, आई. तुला काय लाज?"

हे खरं होतं. मी उठून ऱ्होंडाला फोन लावला आणि त्याच्यादेखत सांगितलं की येत्या नोव्हेंबरच्या ग्रेडिंगला मी येते आणि माझं कलम मीच वाचते, मरणाची वाट बघत नाही. तेव्हा वरच्या मजकुरात जिथे 'माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या ग्रेडिंगला' असं आहे तिथे 'दि. १५ नोव्हेंबर २०२५ रोजीच्या ग्रेडिंगला' असं वाचावं, आणि जिथे व्यवस्थापकांनी वाचावं असं आहे तिथे मी स्वतः. त्या दिवसाआधी मला काही झालं तर इलेनबाईंनी वाचावं.

डेमियनने ताट उचललं, विसळलं, पुसून जागेवर ठेवलं. हे तो कधी करत नाही. दाराशी जाऊन त्याने विचारलं, "टेगन येणार आहे?"

"मी तिला अजून विचारलेलं नाही."

"मी विचारू?"

"तुझं तू बघ," मी म्हटलं. तो गेला. विचारलं की नाही, मला ठाऊक नाही, आणि मी चौकशी केलेली नाही.

कलम ८. ग्रेडिंगला सकाळी दहाला रांग लागते. ऱ्होंडा वेळेची फार पक्की आहे, बसवाली आहे. तरी तिला माझी विनंती आहे की त्या दिवशी दुसऱ्या डॅनच्या ठिकाणी एका माणसापुरती जागा सोडावी आणि साडेअकरापर्यंत दार लावू नये. हॉलसमोर गाडी लावायला जागा मिळत नाही. शिवाय माणसाला गाडीतून उतरायला कधी कधी वेळ लागतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष, ते दोघे एकाच वेळी हजर असताना, त्यावर सही केली.

सही: बेरिल मे चिल्कॉट

साक्षीदार:

१. सही: ऑब्री टर्नबुल, निवृत्त पोस्टमन, शेजारी

२. सही: मॅविस टर्नबुल, गृहिणी, वरीलप्रमाणे

(दोन्ही साक्षीदारांकडे कोणताही डॅन नाही. ऑब्रीचा पट्टा पँटचा आहे आणि तो आपोआप झिजला आहे.)

स्थळ: बर्नी, टास्मानिया
दिनांक: २१ ऑक्टोबर २०२५