पानफुटीचा काढा मोरीत ओतलाय

अहो,

पहाटे कुठे तुमचा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. रिपोर्ट घेऊन इस्पितळात नंबर लावायला जातेय. शेजारच्या मास्तरांना सांगितलंय, त्यांच्याबरोबर नऊपर्यंत या. काही खाऊ नका. थंडी वाजून ताप आला, तर नऊची वाट बघू नका.

काढा शोधू नका, ओतून टाकलाय. पाचपर्यंतचा मुतखडा आपोआप पडू शकतो, असं पुस्तकात वाचलं होतं. तुमच्या रिपोर्टात एक पूर्णांक दोन होतं. मला वाटलं, हा तर किरकोळ, पानफुटीनेच जाईल. काल पुन्हा वाचलं. पुस्तकातले पाच मिलिमीटर होते आणि तुमचा खडा सेंटिमीटरमध्ये आहे, म्हणजे बारा. तीस वर्षं गळ्यात टेप घालून गावाचे कपडे शिवले आणि घरातलंच माप चुकले.

त्या पानांवरचे अभ्यासही थोडेच, त्यातले बरेच उंदरांवर. उंदरांनी तरी कुरकुर केली असेल. तुम्ही तीन महिने निमूट प्यायलात.

एवढा उशीर का केला, असं डॉक्टर विचारतील. तुम्ही सवयीने "मीच टाळलं" म्हणाल. म्हणू नका. ते मी सांगणार आहे.