पट्ट्याचं मधलं भोक

नाना, तुम्ही दिलेला पट्टा आज पुसून, तेल लावून खिडकीत टांगलाय. पुढच्या शनिवारी मी रिटायर होतोय. त्या दिवशी शर्ट खोचून हाच पट्टा लावायचा, आणि तोही तुमच्या मधल्या भोकावर, असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. आमच्या घरात या गोष्टीची भरपूर थट्टा होते. "लोक शाल-नारळ बघतील की तुमची कंबर?" असं बायको विचारते. तिचं बरोबर आहे. ज्या माणसाने कंबर बघावी असं मला वाटतं, तो जाऊन सतरा वर्षं झाली.

तुमच्या हाताखाली मी लागलो तेव्हा मला लेथचं चाक कुठल्या बाजूला फिरवायचं तेही धड माहीत नव्हतं. सातपूरमधला तो पत्र्याचा शेड, सात मशीनं, आणि त्या सातांवर तुम्ही फोरमन. कंपनीची खाकी पँट सगळ्यांना ढगळ यायची, पण तुमच्या कमरेला तो जाड चामड्याचा पट्टा असायचा. त्याचं पितळी बक्कल तुम्ही स्वतः उरलेल्या तुकड्यातून कानस मारून घडवलं होतं. पट्ट्याला पाच भोकं होती. मधलं ताणून ताणून लांबट झालेलं, बाकीची, पट्टा दाखवताना, तुमच्या बोटाखाली झाकलेली. "लग्नाला घातला तवापासून ह्याच भोकावर हाय," असं तुम्ही अभिमानाने सांगायचात, आणि आम्ही पोरं तुमच्या पाठीमागे हसायचो. तेव्हा माझं पोट पाठीला लागलेलं होतं, मला हसायला काय जात होतं!

एक दिवस मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं आहेत, माझ्या लेथच्या चकमध्ये शाफ्ट पकडलेला आहे, आणि अजून बरंच मटेरियल काढायचं बाकी आहे. चार बारीक कट घ्यायचे, तिथे मी एकच दणदणीत कट घेतो. मशीन ओरडतं, टूलचं टोक उडतं आणि शाफ्टला खोल चर पडतो. तुम्ही येता आणि व्हर्नियर लावून चराचं माप घेता. मग शांतपणे म्हणता, "काय घाई होती रं? भाकरी पळून चालली व्हती का? थोडं थोडं काढायचं, मोजायचं, परत थोडं काढायचं. आन् गरम जॉब मोजायचा नाय, फुगून मोठा दावतो." तो वाया गेलेला शाफ्ट तुम्ही मला महिनाभर मशीनवर समोर ठेवायला लावलात. येणारा-जाणारा विचारायचा, आणि मला प्रत्येकाला सगळी कथा सांगावी लागायची. मी तुमच्यावर इतका चिडलो होतो की आठवडाभर डबा वेगळ्या कोपऱ्यात बसून खाल्ला.

तिथूनही मला तुम्ही जेवताना दिसायचात. दोन बाजरीच्या भाकरी, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, कांदा, आणि मेथीचे दिवस असले की मेथी. आमचे डबे रिकामे होऊन हात धुऊन व्हायचे तरी तुमची दुसरी भाकरी अर्धी बाकी असायची. कोणी घरून शिरा-पुरी आणून आग्रह केला तर तुम्ही एक पुरी घ्यायचात, तोंड भरून वाखाणायचात आणि दुसरीला हात आडवा धरायचात. मग आम्ही पुठ्ठे पसरून आडवे व्हायचो आणि तुम्ही शेडभोवती फेऱ्या मारायला निघायचात. तुम्ही काही उपाशीतापाशी राहणाऱ्यातले नव्हतात. दसऱ्याला कंपनीत जिलेबी आली की पहिला हात तुमचा. पण दुसऱ्या दिवशी डब्यात एकच भाकरी असायची. मी विचारलं तर म्हणालात, "काल खाल्लं ना, आज मशीनला आराम." बस्, एवढंच. पथ्य, आरोग्य असले शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

तुमच्या निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि सगळे पांगल्यावर तुम्ही मला लॉकरपाशी बोलावलंत. तिथेच पट्टा सोडलात आणि माझ्या हातात दिलात. "ह्याला नवं भोक पाडू नको," एवढंच म्हणालात. त्या ढगळ पँटला सुतळी बांधून तुम्ही सायकलवर टांग मारलीत. मी गेटपाशी उभा राहून हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. घरी येऊन पट्टा लावून पाहिला तर तो कसाबसा टोकाकडच्या शेवटच्या भोकावर बसला. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मोटरसायकल आली आणि पायी चालणं संपलं. चार वाजता वडापाव, घरी गेल्यावर चहाबरोबर चिवडा, त्यावर शेव, आणि मग आठ वाजता पुन्हा पोटभर जेवण. तीन वर्षांत पट्टा पुरेना. मी कंपनीतल्या ड्रिल मशीनवर सहावं भोक पाडलं. पुढच्या वर्षी सातवं. मग तेही पुरेना आणि पट्टा दाराआड खिळ्याला लागला. त्यानंतर एकदा तुम्ही मला द्वारकेच्या चौकात भेटलात, आठवतं? हातात पिशवी, गावाकडच्या गाडीची वाट बघत उभे. मी शर्ट बाहेर सोडलेला. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "पट्टा वापरतो का रं?" मी म्हटलं, "रोज, नाना. मधल्याच भोकावर." तुम्ही गालात हसलात, "बरं" म्हणालात आणि गाडीत चढलात. ती आपली शेवटची भेट. त्या हिवाळ्यात तुम्ही गेल्याचं कळलं आणि मला सगळ्यात आधी ते "बरं" आठवलं.

दोन वर्षांपूर्वी माझे गुडघे बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, साखर अगदी उंबरठ्यावर आहे, वजन उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू. घरी आलो, दाराआडचा पट्टा काढला आणि ठरवलं की रिटायर व्हायच्या आत मधलं भोक गाठायचं. आणि नाना, एवढी वर्षं लेथवर काढलेल्या माणसाने काय करावं? पुन्हा तोच दणदणीत कट! पोळी बंद, भात बंद, सकाळ-संध्याकाळ काकडी आणि लिंबूपाणी. बायको म्हणाली, "माझ्या हातची भाजी आता वाईट लागायला लागली का?" मी ऐकलं नाही. अकराव्या दिवशी कंपनीत मशीनसमोर डोळ्यांपुढे अंधारी आली, दोघांनी धरून बाकावर बसवलं. शुद्धीवर आल्यावर मी काय केलं असेल? सलग तीन वडापाव खाल्ले. तिसरा खाताना तो चर पडलेला शाफ्ट डोळ्यांपुढे आला, आणि तुमचा आवाजही.

मग तुमच्या पद्धतीने सुरू केलं. पहिला महिना फक्त एक गोष्ट, मोटरसायकल घरी ठेवून कंपनीत पायी. पंचवीस मिनिटं जायला, पंचवीस यायला. ते अंगवळणी पडल्यावर चहा अर्धा कप आणि दिवसातून दोनदाच. मग चिवड्याचा डबा फळीवर सगळ्यात वर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचू नये असा. मग संध्याकाळचं जेवण लवकर, ताटावर बसून, टीव्ही बंद करून. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच राहिली नव्हती. आता ती भाकरी करते, मी कोशिंबीर चिरतो, आणि जेवून आम्ही कॉलनीभोवती चक्कर मारतो. तिचंही ब्लाऊज सैल झालंय, पण ते ती मला सांगत नाही, शिंप्याला सांगते. रविवारी मिसळ खातो, सोडलेली नाही. कंबर मोजायची ती आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, चहाच्याही आधी. लग्नाची पंगत उठल्यावर कधीच नाही, गरम जॉब मोठा दाखवतो.

सातवं भोक यायला चार महिने लागले. मग सहावं. दिवाळीत परत सातव्यावर गेलो, पण घाबरलो नाही, पुढच्या दोन आठवड्यांत खाली आलो. मग पाचवं. या उन्हाळ्यात चौथं. आणि तिथे गाडी अडली. चार महिने झाले, हलायला तयार नाही. डॉक्टर खूश आहेत, साखर ताब्यात आहे, गुडघे गप्प आहेत, जिना चढताना मी कठड्याला हात लावत नाही. पण शनिवार पुढ्यात आणि मधलं भोक एक बोट लांब. काल मी श्वास ओढून मधल्या भोकात अडकवून पाहिलं. बायकोकडे बघून बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात बक्कल सुटलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला मात्र खरोखर वाईट वाटलं, नाना. वाटलं, एवढं करूनही तुमच्यापुढे खोटा तो खोटाच राहिलो.

आज तेल लावायला म्हणून पट्टा उन्हात धरला. इतकी वर्षं मी तुमचं मधलं भोकच बघत आलो. आज चौथ्या भोकावर अंगठा गेला आणि थांबला. तेही लांबट आहे. त्याच्यावरून चामड्याला आडवी जुनी घडी पडलीय आणि बक्कलने घासून काळी रेघ उमटलीय. ही झीज माझी नाही. तुम्ही पट्टा दिलात तेव्हा मी थेट पाचव्यावर होतो, आणि आता चौथ्यावर येऊन चारच महिने झालेत, चार महिन्यांत चामडं असं ताणत नाही. एवढी झीज व्हायला काही वर्षं लागतात. कधीतरी तुम्हीही काही वर्षं इथे होतात आणि मग थोडं थोडं करत परत गेलात. आणि आम्हाला सांगत होतात, लग्नापासून हेच भोक! मी खिडकीत उभा राहून एकटाच मोठ्याने हसलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिलाही दाखवलं.

शनिवारी पट्टा चौथ्या भोकावर लावणार आहे, शर्ट खोचून. पुढचं काय ते रिटायर झाल्यावर बघू, फेऱ्या मारायला वेळच वेळ आहे. ही पानं डब्याच्या पिशवीत ठेवतोय, पाठवायचा प्रश्नच नाही. तुमचं ते "बरं" आता मला कळलंय असं वाटतं. तरीही एकदा माझ्या तोंडून सांगतो. द्वारकेला मी खोटं बोललो, नाना. पट्टा तेव्हा दाराआड खिळ्याला होता, आणि ती टोकाकडची दोन भोकं माझी आहेत.