समामधलं घर वगळून

५ जानेवारी २००४, सोमवार
नव्या नोकरीची पहिली नोंद एका गंभीर तक्रारीने करणं भाग आहे. या कचेरीत चहाला बशी नाही. सारा जन्म बडोद्यात काढलेल्या माणसाने उकळता चहा काचेच्या पेल्यातून बोटं भाजत प्यावा, हा नेमका कोणत्या आर्थिक सुधारणेचा भाग आहे, ते कळलं नाही. मालकांना लेखी निवेदन द्यावं म्हणतो.

बाकी सगळं छान. निजामपुऱ्यात औषधांच्या दुकानावर तीन खोल्या आणि चार संगणक. मालक धनाजीराव माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि सतत घाईत. बडोद्यातल्या मराठी घराण्यांची माहिती गोळा करून ते सीडीवर देतात. प्रत्येक घराचं एक फोल्डर, घरातल्या प्रत्येक माणसाची एक फाईल. आमच्या शाळेने संस्कृत बंद करून संगणक सुरू केला, म्हणून सव्वीस वर्षांची मास्तरकी आटोपून मी संगणकाच्याच दारी आलो. शरणागती पूर्ण आहे. निघताना बायकोने, वसुंधरेने, हातावर दही-साखर ठेवली आणि बजावलं, तिथल्या पोरांना सुभाषितं ऐकवू नका, पळून जातील.

७ जानेवारी
इथला प्रोग्राम श्रद्धा नावाच्या मुलीने लिहिला आहे. वय चोवीस, मला काका म्हणते आणि विद्यार्थ्यासारखं शिकवते. प्रोग्राम रोज दुपारी नव्या संगणकावरचं पुसून जुन्यावरच्या फायली तिथे पुन्हा उतरवतो. काय उतरवायचं नाही, त्याची एक यादी असते. ती यादी लिहिणं हे माझं काम. नावाच्या जागी चांदणी काढली की ‘काहीही’. मागे उद्गारचिन्ह लावलं की ‘हा मात्र वगळू नको’. खालचा नियम वरच्याला हरवतो.

मी तिला म्हटलं, अगं, हे तर आमचंच. आधी सामान्य नियम, मग अपवाद, आणि अपवाद नेहमी बलवान. ती म्हणाली, तो पछी काका, मग तुम्हाला शिकवायला काही उरलंच नाही. मी फुगलो. इथेच थांबून चार प्रश्न विचारले असते तर—

(वरची शेवटची ओळ आज, १९ तारखेला, लिहिली आहे.)

८ जानेवारी
सरावासाठी ‘चाचणी’ नावाचं फोल्डर उघडलं. श्रद्धा म्हणाली, एखादं खोटं घर बनवा. पण मला खोटं घर सुचेना, म्हणून समा भागातलं आमचंच घर घातलं. माझी फाईल कचेरीच्या फोल्डरात आधीच होती, तेव्हा घरात एकटी वसुंधरा. फोनवर तिने सगळं स्वतः सांगितलं: माहेर, जन्मवेळ, गळ्यावरचा तीळसुद्धा. वर विचारलं, स्थळ बघताय का कुणासाठी?

१२ जानेवारी
आज पहिला खरा नियम लिहिला. ज्या फायलीच्या नावाशेवटी ‘कच्चा’ असेल, ती वगळायची. प्रोग्राम तीन वाजता चालला.

चार वाजता सगळ्यांना चहा आला, श्रीपतरावांना नाही. श्रीपतराव मुद्रितं तपासतात, कोपऱ्यात बसतात, आवाज खणखणीत. त्यांनी दोनदा हाक मारली. कुणी मान वर केली नाही. धनाजीराव त्यांच्या टेबलाशी आले, त्यांच्या कोपरावर फायलींचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, ही जागा रिकामीच आहे, इथे प्रिंटर ठेवू. श्रीपतराव माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

त्यांची नोकरी अजून पक्की नाही. त्यांची फाईल ‘श्रीपतराव-कच्चा’ या नावाने आहे.

१३ जानेवारी
सकाळी यादीत एक ओळ वाढवली: श्रीपतरावांना वगळू नको. तीन वाजले. चार वाजता धनाजीराव त्यांच्यावर खेकसले, काल कुठे होता दिवसभर? श्रीपतराव रडले. मला ते सारा वेळ दिसत होते, कदाचित यादी माझ्या हातची म्हणून. श्रद्धेला सांगितलं. ती हसली नाही, पण तिला कालचं काही आठवतही नाही.

भ्यालो खरा. तरी एक समाधान आहे: अपवाद चालतो.

१६ जानेवारी
धनाजीरावांचा हुकूम: चाचणी फोल्डर पूर्ण वगळा, गिऱ्हाइकाला कचरा जायला नको. उद्याच शेवटची नक्कल, मग जुनं मशीन कोरं करून देऊन टाकायचं.

वसुंधरा त्या फोल्डरात आहे, हे मी विसरलो नव्हतो. तिची फाईल आधी दुसरीकडे हलवावी, हे सुचायला हवं होतं. पण मी शास्त्राप्रमाणे गेलो. वर नियम: चाचणी वगळ. खाली अपवाद: त्यातली वसुंधरा वगळू नको. दोनदा वाचलं. निर्दोष होतं.

१८ जानेवारी, रविवार
भाजीवाला लारी ढकलत आला. वसुंधरेने पापडी मागितली. भाजीवाला तिच्या मागच्या बाईशी बोलत राहिला. शेजारच्या निरुपमाबेन जिन्यात तिच्या अंगावरून गेल्या. वसुंधरा हसून म्हणाली, रुसल्या वाटतं, उत्तरायणाला उंधियो पाठवायचा राहिला.

संध्याकाळी ती हसत नव्हती. निरुपमाबेननी मला विचारलं, साहेब, एकट्याचं जेवण कोण करतं? वसुंधरा माझ्या शेजारी उभी होती.

१९ जानेवारी
आठ वाजता कचेरीत. जुनं मशीन नाही. शनिवारीच कोरं केलं, गेलं. नव्यावर चाचणी फोल्डर नाही. वसुंधरा नाही.

श्रद्धेला ओळ दाखवली. ती म्हणाली, काका, फोल्डरच वगळलं की प्रोग्राम आत पाऊल टाकत नाही. आतला अपवाद कशाशी लावणार? श्रीपतरावांचं वेगळं, त्यांची फक्त फाईल वगळली होती, फोल्डर नाही. मग तिने विचारलं, वसुंधरा कोण?

दोन वेळा या घरी जेवून गेलेली पोरगी.

२० जानेवारी
वसुंधरेला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, माझ्यासाठी अपवाद केलात ते कळलं, पण ज्यात मी होते ते घर वगळलंतच कसं?



नवी फाईल लिहायला बसलो. नाव लिहिलं. माहेरचं आडनाव — अडलो. तिला विचारलं. ती सांगत होती, ओठ हलत होते, मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता. तिने कागदावर लिहून दिलं. कागद कोरा. पुन्हा लिहिलं. कोरा. तिच्या बोटाला शाई लागलेली—

२१ जानेवारी
तीळ कोणत्या बाजूला —

अर्धी फाईल नव्या मशीनवर चढवली. तीन वाजले, चार वाजले. काही नाही. निरुपमाबेन तिच्यातून बघतात.

सोमवारी ती बोलली ते सगळं ऐकू आलं होतं. मंगळवारी निम्मं. आज दोन शब्द. ती माझी बाही धरून बसते. धरलेली कळते. अजून.

२२ जानेवारी
पाच वाजता घरी आलो. कुलूप नव्हतं, माझाच विसराळूपणा असं वाटलं. चहा केला, एक कप. पेपर वाचला. बरं वाटत होतं, शांत. सात वाजता बाहीला सुरकुत्या दिसल्या. मग हात दिसला, मग ती. दोन तास ती हाका मारत होती.

लोकांचं मला काही वाटत नाही. यादीचंही नाही. भीती एकाच गोष्टीची आहे. त्या दोन तासांत मी घाबरलो नव्हतो. मला काहीच कमी वाटलं नव्हतं. उद्या घरी येईन तेव्हा दारातच तिला हाक मारायची, हे इथे लिहून ठेवतो. तिचं नाव