बगदाद रस्ता पुन्हा सुरू

१ ऑगस्ट, मंगळवार

अम्मानहून पत्र आलं. ईदच्या आत इराकची सीमा उघडणार. दोन बंधुराष्ट्रांमधील राजनैतिक व आर्थिक संबंध अधिक दृढ करण्याच्या हेतूने वगैरे वगैरे. खाली माझं नाव: फव्वाज, वजनकाटा विभाग. तयारीला लागा.

दोन वर्षं आम्ही पाच कारकून रोज कस्टमच्या नाक्यावर जातो, काट्यावरची वाळू झाडतो आणि घरी येतो. पगार मिळतो म्हणून कुणी बोलत नाही. एवढ्या काळात काट्यावर चढलं ते एकच, कुणाचा तरी चुकलेला उंट.

घरी सांगितलं. आई कांदा चिरत होती, ती थांबली. म्हणाली, "म्हणजे राकान येणार."

नौफा कणीक मळत होती. ती थांबली नाही.

राकान माझा धाकटा भाऊ, नौफाचा नवरा. तीन वर्षं चार महिने झाले. प्लास्टिकच्या पाइपांचा ट्रक घेऊन सीमेपलीकडे रमादीला निघाला होता. शेवटचा फोन वाटेतल्या रुत्बाहून आला. चहा पितोय, ऊन उतरलं की निघतो, म्हणाला. त्यानंतर तिकडे लढाई पेटली. फोन नाही, ट्रक नाही, प्रेत नाही.

३ ऑगस्ट

आमच्या रुवैशिदला रंग लागतोय! पेट्रोल पंप निळा झाला. घालिबनं खानावळीचं शटर वर केलं, आत साठ टेबलं धूळ खात पडलेली. मला हाताला धरून आत नेलं. गावात मला सगळे अबू मिशाल म्हणतात.

"अबू मिशाल, दिवसाला किती ट्रक धरू?"

"पूर्वी चारशे जायचे."

"मी शंभर धरतो. नशिबाला फार ताणू नये." मग फ्रीज उघडला आणि लगेच बंद केला. "यातलं मटण आता साक्षीदार म्हणून कोर्टात उभं राहील."

खूप दिवसांनी हसलो.

६ ऑगस्ट

अम्मानचे साहेब आले. इंजिनीअर सुफियान. स्वच्छ बूट. वाळूत पाय टाकताना मांजरासारखा उचलतात. चौदा तारखेला सीमेच्या मधल्या पट्ट्यात बैठक आहे, तिकडचे अधिकारी येणार. जुन्या आवाराची माहिती असलेला माणूस हवा म्हणून मलाही नेणार.

धीर करून म्हटलं, या गावचे नऊ ड्रायव्हर तिकडे हरवलेत. नावं देता येतील का?

"जरूर. यादी करा. शेवटचा विषय 'इतर' असतो, त्यात घालू."

एवढं सोपं होतं? मग तीन वर्षं मी काय करत होतो?

८ ऑगस्ट

दोन दिवस घरोघर फिरलो. नाव, वय, ट्रकचा नंबर, कधी निघाला. सात घरांनी दिलं. एका म्हातारीनं मुलाचा फोटो दिला आणि परत मागून घेतला. एवढा एकच आहे, म्हणाली. आठव्या घरची बाई दारातच उभी राहिली.

"पोरांना मी सांगून टाकलंय, बाप मेला. ती एक वर्ष रडली, आता शाळेत जातात. तुमच्या यादीपायी त्यांना पुन्हा रडवू का?"

त्या ड्रायव्हरचं नाव मी तरीही लिहिलं. बरोबर केलं का, माहीत नाही.

आमच्या घरचं नाव शेवटी लिहिलं. नौफाकडे फोटो मागितला. तिनं दिला, पण गेली नाही. उभी राहिली.

"अबू मिशाल, मी वकिलाला भेटून आले. धोक्याच्या जागी हरवलेल्या माणसाला कोर्ट मृत ठरवतं. घरातल्या एका पुरुषाची साक्ष लागते. तुमची."

मी काय काय बोललो ते इथे लिहायला लाज वाटते. माझ्या भावाला मी जिवंतपणी पुरू का, असंही म्हणालो. आई शेजारच्या खोलीत होती, म्हणून आवाज चढवला नाही. तेवढंच.

१४ ऑगस्ट

बैठक. मोठा तंबू, गार हवेची यंत्रं, दोन्ही झेंडे. करार असा: अमुक मालाला जकात माफ, तमुक मालाला निम्मी. ट्रकांची क्ष-किरण तपासणी. ड्रायव्हरांचा विमा. तोवर सगळं ठीक.

सहावा विषय: सुरक्षेच्या कारणास्तव ट्रक सीमेपलीकडे जाणार नाहीत. आमचा ट्रक आणि त्यांचा ट्रक मधल्या धक्क्यावर पाठीला पाठ लावून उभे राहतील. माल या ट्रकातून त्या ट्रकात जाईल. दोन्ही ड्रायव्हर मागे वळतील.

मग रुवैशिदला कोण थांबणार? अम्मानहून निघालेला माणूस चार तासांत सीमेवर आणि पुढच्या चार तासांत घरी. घालिबची साठ टेबलं डोळ्यांसमोर आली. मी आवाराची लांबी-रुंदी सांगितली, ती लिहून घेतली. टेबलांचं कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

नववा विषय 'इतर'. यादी माझ्या हातात. पण मनसफची, मटण-भाताची ताटं आली होती, भातावरून वाफ निघत होती. सुफियान साहेब माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "फव्वाज, आज शुभ काम आहे. मेलेल्यांची यादी जेवणाच्या ताटात वाढू नये. मी वर पोचवतो." यादीची घडी घालून त्यांनी फायलीत ठेवली. इतर विषय नाहीत, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

मी उठून बोलू शकलो असतो. तोंडात घास होता.

हात धुताना शेजारी तिकडचा काटेवाला. नाव हाजिम, रुत्बाचा, माझ्याच वयाचा, जाडजूड. इकडेतिकडे पाहून त्यानं खिशातून कागद काढला. "भाऊ, तू इथलाच ना? लढाईत आमची माणसं वाळवंटातून तुमच्या बाजूला पळाली. ही एकतीस नावं. यात माझी मावशी आहे. आत वाचून दाखवणार होतो, पण आमचे साहेब म्हणाले, आज नको."

मी हसलो. त्याला राग आला असावा, म्हणून लगेच माझ्या यादीचं आणि राकानचं सांगितलं. रुमालावर आमची नऊ नावं पुन्हा लिहिली, मला पाठ होती. त्यानं त्याचा कागद मला दिला, मी रुमाल त्याला. दोन्ही देशांमध्ये आज खरी देवाणघेवाण झाली असेल तर ती एवढीच.

१५ ऑगस्ट

आई विचारते, साहेब काय म्हणाले. वर पोचवतो म्हणाले, असं सांगितलं.

२२ ऑगस्ट

घालिबला आज सांगितलं. आठ दिवस तोंड चुकवत होतो. पाठीला पाठ म्हणजे काय, हे त्याला दोन काडेपेट्या टेकवून दाखवलं. त्यानं त्या पुन्हा वेगळ्या केल्या.

"म्हणजे माल बगदादला जाणार आणि माणूस परत शहरात, झार्काला जेवायला."

"हो."

"आणि मध्ये आम्ही."

"हो."

"रंगाचे डबे परत घेतात का रे?"

३० ऑगस्ट, बुधवार

उद्घाटन झालं. बँड, फुगे, भाषणं. बंधुत्व, समृद्धी, नवं पर्व. पाहुणे गाड्यांतून उतरले, फीत कापली, फोटो काढले, गाड्यांत बसले. घालिबनं पाहुण्यांसाठी सहा मेंढ्या कापल्या होत्या. तंबूत शहरातून आणलेलं जेवण होतं. संध्याकाळी त्यानं ते मटण गावात वाटलं. आमच्या घरीही पातेलं आलं. कुणाला भूक नव्हती.

पहिला ट्रक मीच तोलला. सिमेंट. समोरून रिकामा ट्रेलर मागे सरकत आला, दोन्ही पाठी टेकल्या. ड्रायव्हर आपापल्या बाजूला बसून सिगरेट ओढत होते. मध्ये फक्त हमाल.

आई सकाळपासून ओट्यावर बसून होती. एवढे ट्रक गेले, एकही आत आला नाही, म्हणाली. तिला काडेपेट्या दाखवायचं धाडस झालं नाही.

१ सप्टेंबर, ईद

नमाज झाली, मेंढी झाली, पाहुणे येऊन गेले. आईनं राकानच्या वाटणीचं मटण बाजूला काढून ठेवलं, दर वर्षीसारखं. नौफानं ते उचललं आणि शेजारी देऊन आली.

मग भांडण. आमच्या घरात आजवर असं झालं नव्हतं.

"माझ्या मुलाच्या तोंडचा घास देऊन आलीस?"

"आई, शेजारच्या पोरांनी तो खाल्ला तरी. तीन वर्षं मी तो नासलेला फेकते आहे. तुम्ही झोपल्यावर."

"तुला तो मेलेला हवाय."

"मला काहीतरी एक हवंय. मेलेला तर मेलेला, जिवंत तर जिवंत. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. माझा भाऊ मला न्यायला तयार आहे, पण विचारतो, तू कोण म्हणून येणार? बायको म्हणून की विधवा म्हणून? मी काय सांगू?"

नौफा माझ्याकडे वळली. चोवीस तारखेला कोर्टाची तारीख आहे, म्हणाली.

मी येणार नाही, असं सांगितलं.

५ सप्टेंबर

सुफियान साहेबांना फोन केला. यादीचं विचारलं. "कुठली यादी?"

१२ सप्टेंबर

हाजिमच्या यादीनं मला स्वस्थ बसू दिलं नाही. दोन दिवस रजा काढली. झार्काला गेलो, तिथं त्यांच्याकडच्या लोकांची वस्ती आहे. भाजीवाले, न्हावी, मशिदीत बांग देणारा मुअज्जिन, सगळ्यांना विचारलं. एकतीसपैकी तिघं सापडली. एक पाय गेलेला शिंपी. एक मुलगी, आता दोन मुलांची आई. आणि हाजिमची मावशी. तळमजल्यावरच्या एका खोलीत होती, बिछान्याला खिळलेली, पण डोकं लख्ख.

"हाजिमला सांग, त्याच्या लग्नात नेलेली माझी तांब्याची परात अजून त्याच्याकडेच आहे."

तिघांचे पत्ते लिहून सिमेंटवाल्या ड्रायव्हरकडे दिले, त्यानं पलीकडच्याला दिले. आज उत्तर आलं, तोंडी. पलीकडचा ड्रायव्हर ओरडून सांगत होता: हाजिमनं चिठ्ठी वाचली आणि ट्रकांच्या काट्यावर मध्येच बसून राहिला. काटा शंभर किलो दाखवत होता. कुणी उठवायला गेलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण नाक्यावरून परत येताना बसमध्ये एकच विचार होता. याची मावशी दोन दिवसांत सापडली. मग माझा भाऊ न सापडण्याचा अर्थ काय, हे मला का कळत नाही?

१७ सप्टेंबर

घालिबनं शटर खाली ओढलं. बायकोच्या माहेरी, मफरकला चाललाय. तिथं शाळेपुढे फलाफल विकणार. जाताना मला एक टेबल दिलं. नको म्हटलं तर म्हणाला, "ठेव. उद्या दोन देशांना आणखी करार करायचा झाला तर लागेल."

त्याच टेबलावर लिहितो आहे.

१९ सप्टेंबर

आज दुपारी धक्क्यावर उभा होतो. कांद्याची पोती इकडून तिकडे जात होती. मनात आलं, तीन वर्षं मी भावाची वाट बघत नव्हतो. तो मेला, हे मी फक्त कबूल करत नव्हतो. वाट आई बघत होती आणि वाट बघण्याची शिक्षा नौफा भोगत होती. मी मधल्यामध्ये चांगला भाऊ ठरत होतो.

घरी येऊन नौफाला म्हटलं, चोवीसला मी येतो. साक्ष देतो. राकान मेला असं शपथेवर सांगतो.

ती कपडे वाळत घालत होती. पाठ माझ्याकडेच होती.

"आईंना?"

"मी सांगेन."

"आधी सांगा. कोर्टातून आल्यावर नको." मग दोरीवर चिमटा लावत म्हणाली, "अबू मिशाल, तुम्हाला हे सोपं नाही, मला कळतं."

मशिदीत जाऊन राकानसाठी, मेलेल्यांसाठी म्हणतात तशी, फातिहा म्हटली. पहिल्यांदा. आईला उद्या सांगेन.

२० सप्टेंबर

नाही सांगितलं. तिनं माझ्या आवडीची मसुराची आमटी केली होती.

२१ सप्टेंबर

खजुरांचा ट्रक आला. ड्रायव्हरनं हाजिमचं पाकीट दिलं. त्यात दोन कागद.

पहिला हाजिमचा. "भाऊ, तुझा राकान शोधला. रमादीकडच्या हीत गावात आहे, धडधाकट. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बायको आहे, एक लहान मुलगी आहे. मी म्हणालो, आईला फोन कर. नको म्हणाला. खूप भांडलो, तेव्हा हे लिहून दिलं. तू मला माझी मावशी दिलीस आणि मी तुला हे पाठवतो आहे, माफ कर."

दुसरा कागद राकानच्या अक्षरात. चार ओळी. नौफाला तलाक. खाली सही आणि दोन साक्षीदारांचे अंगठे. आईबद्दल एक शब्द नाही.

नौफानं कागद दोनदा वाचला. सही त्याचीच ना, एवढंच विचारलं. हो म्हटलं. वकिलाला कळवा, तारीख नको, म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला नाही. पेटी ओढल्याचा आला.

आई ओट्यावर बसली आहे. तिचा मुलगा जिवंत आहे, हे तिला कसं सांगू?