आण्याच्या घाटासाठी मोठं चाक

जुन्नर, मार्गशीर्ष

प्रिय गुलाब,

आधी सायकलीचं लिहितो. लोखंडी घोडी म्हणून तू जिला हसायचीस, तिला मागचं दातेरी चाक नवं बसवलं आहे. कारण एकच, तुझ्या माहेरच्या वाटेवरचा आण्याचा घाट. तू बाळंतपणाला माहेरी गेलीस ती पावसाळ्याआधी, आणि अजून मी तुझ्यापर्यंत पोचलेलो नाही. घरचा छकडा मागितला की आई विचारते, कशाला. सायकल काढायला कुणाला विचारावं लागत नाही. पण दुकान बंद असतं त्या एका दिवसात जाऊन यायचं, आणि जुन्या चाकावर घाट काही चढेना. पहिल्या वळणावरच छाती फुटायची वेळ आली. ढकलत निघालो असतो तर वरच अंधार झाला असता, म्हणून मागे फिरलो.

शेवटी शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या राजमहंमदला गाठलं. त्याने सांगितलं, मागचं दातेरी चाक मोठं घ्या, चढ हलका होईल. मुंबईहून मागवलं. मग साखळी तोकडी पडली, तिला कड्या जोडल्या. आता सपाटीवर पाय भराभर फिरवावे लागतात आणि सायकल मात्र रमतगमत जाते. लोक हसतात, हसू देत.

या चाकाची आणखी एक गंमत आहे. उतारावर पाय थांबवले तरी चाक आपलं फिरत राहतं. पूर्वी मी पाय मागे रेटूनच सायकल थांबवायचो ना! राजमहंमदने बजावलं होतं, "शेटजी, जुनी सवय इसरा. आता ब्रेकच दाबायचा, नायतर लई लागंल." पण मी कसला ऐकतोय! पहिल्याच दिवशी पेठेच्या उतारावर पाय मागे रेटले, ते नुसतेच गरगरले, आणि मी थेट साळुबाईच्या मिरच्यांच्या ढिगात. ती काय बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी संध्याकाळपर्यंत शिंकत होतो. आईसुद्धा हसली. कित्येक महिन्यांनी आपल्या घरात कुणीतरी हसलं.

काल किल्ल्याकडचा चढ खाली न उतरता चढलो. तेव्हा येत्या सुट्टीला मी येतोय. तुला न्यायला नव्हे. बाळ असतं तर बारशाला इथून छकडे जुंपले असते, झबली-टोपडी आली असती. बाळ राहिलं नाही, म्हणून कुणी निघालंच नाही, आणि घरात कुणी तो विषयही काढत नाही. तुझ्या वडिलांचा निरोप आला त्यात एवढंच होतं, की मुलगी होती, फार जगली नाही. मला सगळ्यांचा राग येतो, गुलाब, आणि रडूही येतं. ती माझीही होती. तिचं जावळ कसं होतं, नाक कुणासारखं होतं, तू तिला काय म्हणून हाक मारलीस, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. तुमच्याकडे कुणाला आवडलं नाही तरी मी ओट्यावर बसून राहीन. तू फक्त बाहेर ये.

तुझाच,
फतेचंद